तीन पानं नणंदेवर, दीड ओळ त्या मुलावर

(पत्र बरंच कमी केलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत.)

सप्रेम नमस्कार,

मी एका पतसंस्थेत नोकरीला आहे. मिस्टर पुण्याला कंपनीत असतात, शनिवार-रविवारी घरी येतात. घरी सासूबाई, मी आणि मुलगी. मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीला आहे. अभ्यासात बरी, स्वभावाने गरीब. पण आठवीत फोन हातात आला आणि सगळं बदललं.

मागच्या महिन्यात मोठ्या नणंदेचा फोन आला. "अगं, तुझ्या पोरीने काय टाकलंय ते बघितलंस का? आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मला दाखवलं." बघते तर रडतानाचा व्हिडिओ आणि वर लिहिलेलं, घरात रोज भांडणं, इथे कुणालाच माझी पडलेली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यात भांडणं होतात, पैशांवरून होतात, पण कोणाच्या घरात होत नाहीत? तेव्हापासून नणंदेचा रोज फोन. सासूबाईंनाही तिनेच सांगितलं.

मग मी तिचं सगळं अकाउंट बघितलं. क्लासला निघाली की टाकते, क्लास सुटला की टाकते, स्टँडवर बस आली नाही की टाकते. शाळेच्या ड्रेसमध्ये नाचाचे व्हिडिओ. फोन नंबरही दिलाय, "कोलॅबसाठी" म्हणे. नाव न सांगता कोणीही प्रश्न विचारायचे आणि हिने सगळ्यांसमोर उत्तरं द्यायची, असलंही काहीतरी आहे. दोन हजारांवर माणसं तिला फॉलो करतात, त्यातली वीससुद्धा माझ्या ओळखीची नाहीत.

एका रात्री ती झोपल्यावर फोन उघडला. एक मुलगा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो, बावीस वर्षांचा, ही त्याला दादा म्हणते, त्याने तिला रिचार्जही मारून दिलाय. मी हे बघितल्याचं तिला माहीत नाही.

नणंद म्हणते, फोन काढून घे आणि दहावी होईपर्यंत तिला मामाकडे ठेव. मिस्टर म्हणाले, फोडून टाक तो फोन. त्या मुलाचं त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर तडक येतील आणि तिला मारतील. पोलिसांत जायची माझी तयारी नाही, बदनामी होईल. काय करू? फोन काढून घेऊ का? अकाउंट बंद करायला लावू का? मिस्टरांना सांगू की नको?

– एक आई

---

ताई,

तुमचं मूळ पत्र साडेचार पानांचं आहे. त्यातली जवळजवळ तीन पानं नणंदेचा फोन, बिल्डिंगमधल्या बायका, सासूबाई काय म्हणाल्या आणि तुम्हाला चार दिवस ऑफिसात तोंड दाखवावंसं कसं वाटेना, यावर आहेत. त्या बावीस वर्षांच्या मुलावर दीड ओळ आहे. तीही शेवटच्या पानावर, रिचार्जच्या उल्लेखासकट, जाता जाता सांगितल्यासारखी. तुमचा संताप मला कळतो. पण लाज वाटण्यासारखं काय आणि धोक्याचं काय, या दोन गोष्टींची तुमच्या मनात सरमिसळ झाली आहे. लाजेचा आवाज मोठा असतो, कारण तो नणंदेच्या तोंडून रोज येतो. म्हणून मी तुमचं पत्र शेवटून सुरुवातीकडे वाचणार आहे.

आधी तो मुलगा. (तुमच्या लेकीला आपण इथे मुक्ता म्हणू.)

तो बावीस वर्षांचा आहे हे तुम्हाला कुठून कळलं? त्यानेच लिहिलंय म्हणून. पोलीस भरतीचं? तेही त्यानेच. फोटोतला चेहरा त्याचाच आहे हेसुद्धा तुम्हाला किंवा मुक्ताला माहीत नाही. आणि समजा, सगळं खरं आहे. तरी बावीस वर्षांच्या भल्या मुलाला पंधरा वर्षांच्या मुलीचा फोन तिच्या आईच्या नकळत रिचार्ज करून देण्याचं कारण काय? दोनअडीचशे रुपयांत त्याने तिचं ओझं केलंय स्वतःवर, असं वरून दिसतं. खरं तर ओझं तिच्यावर झालंय. उद्या तो म्हणेल, "एवढं केलं तुझ्यासाठी, एक फोटो नाही पाठवत?" आणि तिला नाही म्हणणं जड जाईल.

हे असंच होतं असं मी छातीठोक म्हणत नाही. पण तिच्याशी बोलताना चार गोष्टींचा कानोसा घ्या. "हे कोणाला सांगू नकोस" असं तो म्हणालाय का? इन्स्टाग्रामवरून दुसरीकडे, टेलिग्रामवर किंवा स्नॅपचॅटवर ये, असा आग्रह केलाय का? घरी कोण असतं, आई कधी येते, हे विचारलंय का? आणि "तुझ्या आईबापांना तुझी किंमत नाही, मला आहे" या अर्थाचं काही? यातल्या एकाचंही उत्तर हो आलं, तर तो दादा नाही.

आता एक गोष्ट तपासा. त्याचा पहिला मेसेज कोणत्या पोस्टला उत्तर म्हणून आलाय? माझा अंदाज असा की त्या रडण्याच्या व्हिडिओला किंवा तसल्याच आधीच्या एखाद्या स्टोरीला. तो व्हिडिओ तुमच्या नणंदेने बघितला, बिल्डिंगमधल्या बायकांनी बघितला, तुम्ही बघितला, सासूबाईंना सांगितला गेला, मिस्टरांपर्यंत पोचला. एवढ्या सगळ्यांत "काय झालं गं, का रडत होतीस?" असं मुक्ताला कोणी विचारलं? तुमच्या पत्रात तरी मला तसं दिसलं नाही. त्याने विचारलं असणार. असल्या माणसांचं काम एवढ्यावरच सुरू होतं. एकटी पडलेली, रडणारी मुलगी ती बरोबर हेरतात.

म्हणून तुमच्या फोन काढून घेण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. माझ्या मनात मुलांच्या हक्कांबद्दलचं काही मोठं तत्त्व वगैरे नाही, मी साधा हिशेब सांगतेय. फोन काढून घेतला तर मुक्ता मैत्रिणीच्या फोनवरून दुसऱ्या नावाने अकाउंट काढेल, त्याला अर्धा तास लागतो, आणि ते अकाउंट तुम्हाला कधीच दिसणार नाही. त्याचा नंबर तिला पाठ असेल. आणि उद्या त्याने खरोखर काही वेडंवाकडं मागितलं, धमकी दिली, तर ती तुमच्याकडे येणार नाही. मागच्या वेळी सांगितलं, म्हणजे कळलं, तेव्हा फोन गेला होता, हे तिला चांगलं लक्षात राहील. पोरी ब्लॅकमेलमध्ये महिनोन्‌महिने पैसे देत राहतात, दागिने विकतात, त्याचं कारण बहुतेक वेळा घरी सांगायची भीती हेच असतं. शिवाय दहावीच्या क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येत असतील, तेव्हा परीक्षेच्या तोंडावर फोन बंद करणं तुम्हालाही परवडायचं नाही. मामाकडे पाठवणं तर त्याहून वाईट. ज्या मुलीने "घरात कुणाला माझी पडलेली नाही" असं लिहिलंय, तिला घराबाहेर ठेवून तुम्ही तिचं म्हणणं सही-शिक्क्यासह खरं करून द्याल.

तुमच्या नणंदेला कोणीतरी ऑस्ट्रेलियाचं उदाहरण देईलच, तर ते नीट माहीत असू द्या. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंवर अकाउंट ठेवता येत नाही. पण त्या कायद्याचा बडगा कंपन्यांवर आहे. दंड कंपन्यांना होतो, मुलांना नाही आणि आईबापांनाही नाही. मुलीला मामाकडे धाडा असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

बोलायचं कसं? सासूबाई समोर नसताना. नणंदेचा फोन येऊन गेल्यानंतरच्या तासाभरात तर अजिबात नाही. तिला समोर बसवून "मला तुझ्याशी बोलायचंय" असं म्हणू नका, त्या वाक्याने दहावीतलीच काय, चाळिशीतली माणसंही बंद होतात. रात्री ओटा आवरताना, कपड्यांच्या घड्या करताना, दोघींचे हात आणि डोळे कामात असताना बोला. आणि पहिलं वाक्य कबुलीचं असू दे, कारण तिचा फोन तुम्ही चोरून बघितलाय आणि ते कधी ना कधी बाहेर येणारच. असं काहीतरी म्हणा: "मी परवा रात्री तुझा फोन बघितला. तुला न विचारता बघितला, ते बरोबर नव्हतं. पण त्यात एक गोष्ट दिसली, तिने मला झोप नाही. मी रागावलेली नाही. फोन काढून घेणार नाही. तो दादा कोण आहे, मला सांगशील?"

ती चिडेल. "तू माझे चॅट वाचलेस?" म्हणून आरडाओरडा करेल, कदाचित दार आपटेल. आपटू दे. तेव्हा "मी तुझी आई आहे, मला हक्क आहे" हे वाक्य गिळून टाका. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला. फोन काढून घेणार नाही हे जे म्हणालात ते तिने तोवर तपासून पाहिलेलं असेल.

तोवर त्या मुलाला तुम्ही फोन करून शिव्या घालायच्या नाहीत, तिच्या अकाउंटवरून तिच्या नावाने मेसेज करून त्याला पकडायचा प्रयत्न करायचा नाही, आणि तिच्याकडून चॅट डिलीट करून घ्यायचं नाही. सावध झाला की पुरावा पुसून पसार होईल. आधी सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट, त्याचं अकाउंटचं नाव, फोटो, नंबर, तारखा दिसतील असे. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट काढला की समोरच्याला कळतं, तिथे तुमच्या फोनने तिच्या स्क्रीनचा फोटो घ्या. हे सगळं तुमच्याकडे आलं की मग ब्लॉक. ब्लॉकचं बटण तिलाच दाबू द्या.

आता तिने काय काय टाकलंय त्याबद्दल.

तुम्ही पत्रात तिच्या अकाउंटचं नाव लिहिलं होतंत. (शाळेचं नाव आणि क्लासची वेळसुद्धा लिहिली होतीत, ताई. मी एक अनोळखी बाई आहे. हा गुण मुलीने कोणाकडून घेतला, ते मी विचारत नाही.) अकाउंट सगळ्या जगाला खुलं आहे, म्हणून मी चहा घेता घेता ते बघितलं. चहा संपायच्या आत मला हे कळलं: शाळा, कारण ड्रेसच्या खिशावर बोधचिन्ह आहे. क्लास, कारण बॅगेवर छापलंय. क्लास संध्याकाळी किती वाजता सुटतो आणि त्यानंतर ती कोणत्या फलाटावर किती वेळ एकटी उभी असते, कारण मागे गावाच्या नावाची पाटी आहे आणि वर "एकटीच, बोअर" असं लिहिलंय. गणपतीतल्या नाचात घराच्या दारावरची पाटी, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं नाव. बाबा फक्त शनिवारी येतात हे, कारण दर शनिवारी ती बाबा आल्याची स्टोरी टाकते आणि हायलाइटमध्ये जपून ठेवते. नंबर तर दिलेलाच आहे.

आणि दहावीचं हॉल तिकीट. फोटो चांगला आला नाही म्हणून स्वतःच्या चेहऱ्यावर लाल हार्ट चिकटवलंय. सीट नंबर आणि आईचं नाव मात्र लख्ख दिसतंय. बोर्डाच्या वेबसाइटवर दहावीचा निकाल बघायला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. म्हणजे निकालाच्या दिवशी दुपारी तिचे विषयवार मार्क तिच्या आधी दोन हजार माणसांना बघता येतील.

हा शेवटचा मुद्दा तिच्यासाठी राखून ठेवा. "जग वाईट आहे, पोरीच्या जातीने जपून राहावं" या वाक्याने पंधरा वर्षांची मुलगी हलत नाही. ते तिने शंभरदा ऐकलंय आणि त्यात दोष तिच्याकडेच येतो हेही तिला कळतं. गणिताचे मार्क आख्ख्या वर्गाला आधी कळतील म्हटल्यावर मात्र ती ते हॉल तिकीट दोन मिनिटांत काढेल. मग तिलाच म्हणा, तू ही मुलगी ओळखत नाहीस असं समज आणि अकाउंट बघून ती कुठे, कधी, कोणासोबत असते ते शोधून काढ. तिच्या हातात कागद-पेन द्या आणि तुम्ही गप्प बसा. ही पोरं या कामात आपल्यापेक्षा पुष्कळ हुशार असतात, मी चहाभरात जेवढं काढलं त्याच्या दुप्पट ती काढेल.

मग त्या यादीवरून अकाउंट नीट करा, दोघी मिळून. नंबर काढायचा. नंबरवरून व्हॉट्सॲपचा फोटो दिसतो, आणि तो कोणाच्या यूपीआयला जोडलेला असेल तर पैसे पाठवायच्या ॲपवर खातेदाराचं नावही. स्नॅपचॅट असेल तर नकाशावरचं आपलं ठिकाण लपवणारा घोस्ट मोड चालू करायचा. अकाउंट प्रायव्हेट करायचं, पण लक्षात घ्या, प्रायव्हेट केल्याने नवी माणसं थांबतात, आधीची दोन हजार आतच राहतात. ती काढावी लागतात, एकेक करून. काढलेल्याला तसा निरोप जात नाही, त्यामुळे "त्यांना राग येईल" ही तिची अडचण सुटेल. एका बैठकीत होणार नाही, रोज पन्नास काढा. हे करताना ती सांगेल, हा कोण, ही कोण, याला का घेतलं. तुम्हाला तिचं जग एरवी एवढं कोणी दाखवणार नाही.

तिने जन्मसाल कोणतं टाकलंय तेही बघा. शाळेतल्या मुलांत वय वाढवून अकाउंट काढणं सर्रास चालतं. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतातही अठराच्या आतल्यांसाठी टीन अकाउंट आणलंय. त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, ओळख नसलेल्याचा मेसेज थेट येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद असतात आणि सोळाच्या आतल्या मुलांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पण वय खोटं असेल तर ॲपच्या लेखी मुक्ता मोठी बाई आहे आणि यातलं काहीच तिला लागू नाही. जन्मतारीख दुरुस्त करताना वयाचा पुरावा मागितला जाऊ शकतो, तेव्हा शेजारी बसा.

घराबाहेरची स्टोरी घरी पोचल्यावर टाकायची, एवढा एक नियम पक्का करा. स्टोरी बंद करू नका. "बस आली नाही" हे तिने घरी येऊन टाकलं तर मैत्रिणी तेवढ्याच हसतात आणि स्टँडवर कोणी येऊन उभं राहत नाही. नाचाचं म्हणाल तर ती छान नाचते. ड्रेस बदलून, पाटी न दिसेल असं घरात नाचू दे. पुढे तिला त्याचं वेगळं अकाउंट हवं असेल तर दहावीनंतर, तुम्हाला माहीत असलेलं, नंबर नसलेलं आणि अनोळखी मेसेज बंद असलेलं काढता येईल. सगळंच नाही म्हणणाऱ्या आईचं कोणी काहीच ऐकत नाही.

ती नाव न सांगता प्रश्न विचारायची भानगड म्हणजे एनजीएलसारखं ॲप. लिंक द्यायची, लोक निनावी प्रश्न टाकतात, आणि मुलं उत्तरांत मनातलं सगळं ओकून मोकळी होतात. मुक्ताच्या उत्तरांत तिचा क्रश कोण, पप्पा ओरडतात का, रात्री किती वाजता झोपतेस, सगळं आलंय. तिला एक गोष्ट जरूर सांगा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, जुलै २०२४ मध्ये एनजीएलच्या कंपनीवर कारवाई केली. कंपनी स्वतःच खोटे प्रश्न तयार करून मुलांना पाठवत होती आणि "हे कोणी विचारलं ते जाणून घ्या" म्हणून पैसे उकळत होती, असा तो आरोप होता. पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली आणि अठराच्या आतल्यांना हे ॲप देऊ नये असा आदेश निघाला. म्हणजे आपल्यात कोणाला तरी एवढा रस आहे असं वाटून ती ज्यांना उत्तरं देत बसली, त्यातले काही प्रश्न माणसांचे नसतीलही. पंधराव्या वर्षी हे ऐकून वाईट वाटतं. पण ॲप काढायला आईच्या शंभर सूचनांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

आता रडण्याचा व्हिडिओ. तो काढायला सांगायचा का? हो, पण शेवटी. आणि कारण "आत्या काय म्हणते" हे असता कामा नये. तिने खोटं लिहिलंय का, याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे, "भांडणं होतात." मग ती खोटारडी नाही, तिने सांगायला जागा चुकीची निवडली. शनिवारी-रविवारी पैशांवरून जे होतं ते तिच्यासमोर होतं, आणि दहावीच्या मुलीला आपल्या क्लासच्या फीवरून घर पेटलंय असं वाटायला फार काही लागत नाही. तिला विचारा, कोणत्या दिवशीचं भांडण होतं ते. ऐकून घ्या, खुलासा करू नका. मग म्हणा, "हे मला सांगायचंस. माझ्यावर राग असेल तर मावशीला सांग, पण जिला तू सांगशील तिचा चेहरा तुला माहीत असू दे." कधी तिच्या लिहिण्यात नकोसं झालंय, संपवून टाकावंसं वाटतंय असा सूर दिसला तर त्याला नाटक समजू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

नणंदेला एकच वाक्य पुरे: "ताई, आम्ही बघितलंय, आम्ही बघतोय." रोज म्हणावं लागलं तर रोज म्हणा. त्या मुलाबद्दल तिच्याकडे अवाक्षर काढू नका.

पोलिसांचं. तुमची तयारी नाही म्हणता. सगळ्याच बाबतीत लगेच जावं लागत नाही. नुसत्या गप्पा आणि रिचार्ज एवढंच निघालं, तर पुरावा ठेवून ब्लॉक करा आणि लक्ष ठेवा. पण त्याने घाणेरडं बोलणं केलं असेल, फोटो मागितला असेल, स्वतःचा पाठवला असेल, भेटायला बोलवलं असेल, तर मामला तुमच्या तयारीवर राहत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या दृष्टीने अठराच्या आतली मुलगी म्हणजे मूल, तिने हो म्हटलं होतं की नव्हतं याला तिथे अर्थ नाही. लैंगिक हेतूने ऑनलाइन वारंवार संपर्क करणंसुद्धा त्यात गुन्हा आहे, आणि असा गुन्हा घडल्याचं कळल्यावर तो कळवणं आईबापांनाही बंधनकारक आहे. बदनामीची भीती तुम्हाला वाटते, म्हणून सांगते: मुलीचं नाव, गाव, शाळा बाहेर फुटू देता येत नाही. तिचा जबाब घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशाशिवाय. दारात गाडी लावून तमाशा करा असं कायदा सांगत नाही. तसं कोणी करू लागलं तर अडवायचा हक्क तुम्हाला आहे. बोलून बघायचं असेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर होते. तो स्टँडवर येऊन उभा राहिला तर मात्र विचार करत बसायचं नाही, तातडीच्या मदतीचा नंबर फिरवायचा, ११२.

आणि तिने फोटो पाठवलेला असेल तर? ताई, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, बहुतेक मनात आणायचंही टाळलंत. तिच्याशी बोलताना ते निघू शकतं, म्हणून तुमची पहिली प्रतिक्रिया आत्ताच ठरवून ठेवा. तोंडावर हात मारून घ्यायचा नाही. "बरं झालं सांगितलंस" म्हणायचं. पैसे मागत असेल तर एक रुपया द्यायचा नाही, एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही. टेक इट डाउन नावाची अमेरिकेतल्या बालसंरक्षण संस्थेची मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि त्यावरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो फोटो ओळखून काढून टाकतात. आणि मग पोलीस, त्याच दिवशी.

राहिला मिस्टरांचा प्रश्न. सांगायचं. मुक्ताशी तुमचं बोलणं झाल्यावर, आणि तिला "मी बाबांना सांगणार आहे" हे सांगून. फक्त शनिवारची वाट बघू नका, फोनवर सांगा, आठवड्याच्या मधल्या वारी. फोनवर माणसाला हात उचलता येत नाही. बुधवारी सांगितलंत तर तडक निघू पाहतीलही, तेव्हा "सुट्टी टाकू नका, सगळं माझ्या हातात आहे, ब्लॉक केलंय, पुरावा माझ्याकडे आहे" हे तयार ठेवा. शनिवारपर्यंत त्यांना तीन रात्री मिळतात. पहिल्या रात्री ते मुलीवर चिडतील, दुसऱ्या रात्री तुमच्यावर, तिसऱ्या रात्री कदाचित त्या मुलावर. तोवर त्यांच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या: तिच्यावर हात टाकायचा नाही, आणि घरात पाऊल ठेवल्यावर पहिलं वाक्य फोनबद्दलचं नसेल. दुसरी गोष्ट त्यांना पहिलीपेक्षा अवघड जाईल, तेव्हा ती शुक्रवारी रात्री पुन्हा आठवण करून द्या.